ग्रंथपालाची रिकामी खुर्ची

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. गांधीजींची दांडीयात्रा त्यानंतर दहा दिवसांनी निघाली. दांडीच्या मिठाचा इतिहास लिहिणाऱ्यास साधनांची वाण कधी पडली नाही. काळारामाच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची मात्र पहिल्याच पायरीवर अडचण होते. डॉ. आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक नोव्हेंबर १९२९ मध्ये बंद पडले होते आणि ‘जनता’ निघाले ते २४ नोव्हेंबर १९३० रोजी. म्हणजे सत्याग्रहाचा आरंभ झाला, पुढच्याच महिन्यात रामनवमीच्या रथावरून चकमक उडाली, लाठ्या-दगड चालले, तेव्हा ज्यांनी हा लढा पुकारला त्यांच्या हाती स्वतःचे नियतकालिकच नव्हते.

ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा संशोधक काय करील? सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातून आलेली, घराण्यात पहिल्यांदाच पदवीधर झालेली एखादी विद्यार्थिनी या विषयावर प्रबंध लिहावयास घेते असे समजा. ती आंबेडकरी पत्रांच्या फायली शोधत गावोगाव हिंडेल, १९३० सालचे अंक मिळत नाहीत म्हणून हताश होईल, आणि अखेरीस इतरांनी लिहिलेल्या चरित्रांतील चार पाने आपल्या शब्दांत पुन्हा लिहून मोकळी होईल. तिचे सहा महिने फुकट जातील; आणि ज्या घरात शिष्यवृत्तीच्या प्रत्येक हप्त्याची वाट पाहिली जाते त्या घरात सहा महिने म्हणजे फार मोठी रक्कम असते. जाणता ग्रंथपाल भेटला तर तो ही पोकळी तिला दहा मिनिटांत सांगेल. शिवाय ती कशाने भरता येईल हेही सांगेल: ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’ यांच्या फायली, अर्थात त्यांपैकी प्रत्येकाचा कल लक्षात ठेवून, मुंबईच्या पुराभिलेखागारातील गृहखात्याची दप्तरे, महाराष्ट्र शासनाने १९८२ साली प्रसिद्ध केलेला आंबेडकर व अस्पृश्यांची चळवळ यांविषयीच्या साधनांचा इंग्रजी खंड, आणि सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड यांना आंबेडकरांनी लिहिलेली पत्रे, जी गायकवाडांनी जपून ठेविली म्हणून पुढे छापता आली. मार्च १९३४ मध्ये सत्याग्रह थांबविण्याचा सल्ला देणारे पत्रही त्यांतच आहे. ते वाचल्यावाचून १९३५ ची येवल्याची घोषणा कळत नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथपालाचे मानव्यविद्यांच्या संशोधनातील काम म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर या एका उदाहरणात मिळावे. पुस्तके देणे-घेणे हा त्या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. रसायनशास्त्राचा संशोधक प्रयोगशाळेत जातो, शेतीशास्त्राचा संशोधक शिवारात जातो. इतिहास, समाजशास्त्र, वाङ्मय किंवा राज्यशास्त्र यांच्या अभ्यासकाची प्रयोगशाळा आणि शिवार दोन्ही ग्रंथालयातच असतात. प्रयोगशाळेतील साहाय्यकाची जागा रिकामी ठेवून प्रयोग करा असे कोणी म्हणत नाही. ग्रंथपालाची जागा मात्र महाराष्ट्रात अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे रिकामी राहते, एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा लिपिकाकडे अतिरिक्त कार्यभार सोपविला जातो, आणि त्याबद्दल कोणाला खेद वाटल्याचे दिसत नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ग्रंथालयाला ‘ज्ञान स्रोत केंद्र’ असे भारदस्त नाव बहाल केले. नाव बदलण्यास खर्च येत नाही, हा त्यातील मोठाच गुण म्हणावयाचा.

आता कोणी म्हणेल की, सर्व काही संगणकावर आले असता ग्रंथपाल हवाच कशाला? शब्द टाकावा आणि मजकूर मिळवावा. हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड दिसतो. परंतु त्या विद्यार्थिनीने शब्द तरी कोणता टाकावयाचा? ‘दलित’ हा आज रूढ असलेला शब्द १९३० च्या वृत्तपत्रांत तिला क्वचितच सापडेल. तेथे ‘अस्पृश्य’ आहे, ‘अंत्यज’ आहे, ‘बहिष्कृत’ आहे, ‘हरिजन’ हा शब्द दोन-तीन वर्षांनी अवतरतो. सरकारी कागदांत ‘डिप्रेस्ड क्लासेस’ आहे. नाशिक हे नावसुद्धा कधी ‘नाशीक’, तर इंग्रजीत वेगळ्याच वर्णांनी लिहिलेले. जुन्या लेखनपद्धतीतील अनुस्वार १९६२ च्या नियमांनंतर उडाले. त्यामुळे त्यापूर्वीच्या छापील मजकुरात आजच्या लेखनानुसार शोध घेतला तर निम्म्या जागा हाती लागत नाहीत. शिवाय जीर्ण कागदावरची झिजलेल्या खिळ्यांची मराठी अक्षरे यंत्राला नीट वाचता येत नाहीत. जे सापडत नाही ते नव्हतेच, असा समज यंत्रामुळे फार लवकर होतो. एकाच माणसांना वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या नावांनी हाक मारली गेली आणि ती प्रत्येक हाक ठाऊक असल्यावाचून त्यांचा इतिहास सापडत नाही, ही गोष्ट ग्रंथपालाच्या अनुभवात असते.

वर्गीकरणाचा मुद्दा याहूनही मूलभूत आहे. आपल्या बहुसंख्य ग्रंथालयांत अमेरिकन ग्रंथपाल मेल्व्हिल ड्यूई यांची दशांश पद्धती वापरली जाते. तिच्यात धर्माला दोनशेचा वर्ग आहे. त्यातील २२० ते २८० एवढी ऐसपैस जागा बायबल व ख्रिस्ती धर्म यांना मिळाली आणि भारतात उगम पावलेले सर्व धर्म २९४ या एका आकड्यामागच्या दशांशचिन्हानंतर दाटीवाटीने बसविण्यात आले. मराठी वाङ्मयाचा क्रमांक ८९१.४६, म्हणजे ‘इतर’ भाषांच्या रांगेतही दोन दशांशांनंतर. रंगनाथन यांनी १९३३ साली आपली द्विबिंदू पद्धती सिद्ध केली त्यामागे या अडचणीची जाणीव होतीच. पण क्रमांकांची ही वसाहतवादी गंमत बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतो तो असा: काळाराम सत्याग्रहावरचे पुस्तक कोठे ठेवावयाचे? हिंदू धर्मातील मंदिरांजवळ, सामाजिक वर्गांच्या शास्त्रात, की स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात? मंदिरांजवळ ठेवले की तो भाविकांचा दर्शनासाठीचा हट्ट होतो. जातिप्रश्नाखाली ठेवले की एका समाजाची गाऱ्हाणी होतात. भारताच्या इतिहासात ठेवले तरच ते दांडीच्या शेजारी येते. पुस्तकाच्या पाठीवर शाईने लिहिलेला आकडा पुढील पन्नास वर्षे वाचकाच्या मनात विषयाची जागा ठरवीत असतो. विवेकी ग्रंथपाल एका जागी पुस्तक ठेवून सूचीत तिन्ही ठिकाणी नोंद करतो. यासाठी त्याला पुस्तक वाचावे लागते, किमान चाळावे लागते. कंत्राटावर तासाप्रमाणे नेमलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

मराठीत या कामाचा वस्तुपाठ शंकर गणेश दाते यांनी घालून दिला. १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची त्यांनी केलेली सूची आजही प्रत्येक गंभीर अभ्यासकाला उघडावी लागते. मराठी नियतकालिकांची सूचीही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. विद्यापीठे, सरकार व साहित्यसंस्था यांनी मिळून करावयाचे काम एका माणसाने अंगावर घेतले, ग्रंथालयामागून ग्रंथालये पालथी घातली. याचा गौरव व्हावा तेवढा थोडाच. पण एखाद्या समाजाने आपली मूलभूत साधने अशा एकट्यादुकट्याच्या तपश्चर्येवर सोडावीत यात गौरवास्पद काय आहे? त्याग करणारा माणूस भेटला की आपण त्याचा सत्कार करतो आणि पद मंजूर करण्याच्या जबाबदारीतून सुटतो. चळवळीतील मंडळींनाही ही सवय अपरिचित नसावी.

मार्क्सने ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात बसून काय लिहिले ते या पानाच्या वाचकांना सांगावयास नको. डॉ. आंबेडकरही लंडनमधील विद्यार्थिदशेत तेथे जाऊन बसत. परंतु त्या ग्रंथालयाला घडविणारा अँथनी पॅनिझ्झी हा इटलीतून परागंदा झालेला राजकीय निर्वासित होता, मायदेशी त्याला देहान्ताची शिक्षा ठोठावण्यात आली होती, हे सहसा सांगितले जात नाही. १८३६ साली पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने आग्रह धरला तो असा की, ज्ञानाच्या शोधासाठी राज्यातील श्रीमंतातल्या श्रीमंताला जी साधने मिळतात तीच गरीब विद्यार्थ्यालाही मिळाली पाहिजेत आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे. १८४१ साली त्याने सूचीकरणाचे एक्याण्णव नियम केले. हे दोन्ही एकाच माणसाने करावे यात विसंगती नाही. सूची नसेल तर श्रीमंत संशोधक मदतनीस ठेवतो, दुसऱ्या शहरी जाऊन राहतो, पुस्तक विकत घेतो. सूचीवाचून अडते ते गरिबाचे. पुढे मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढल्यावर आंबेडकरांनी त्याच्या ग्रंथालयाकडे जे लक्ष दिले आणि तेथील ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याशी जो व्यवहार ठेवला, त्यामागे हाच अनुभव असला पाहिजे.

आता पैशाकडे वळू. ग्रंथपालासाठी पैसा नाही असे सांगितले जाते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक. सुमारे तेरा हजार नियतकालिके. सहा हजार तीनशेच्या वर सरकारी संस्था आणि त्यांतील सुमारे एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक. भागाकार केला तर माणशी वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास पडतात. योजना सर्वस्वी वाईट आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल. लहान गावच्या सरकारी महाविद्यालयाला जी नियतकालिके स्वप्नातही परवडली नसती ती त्याला मिळू लागली, हा लाभ खराच आहे. परंतु ही रक्कम कशाची किंमत आहे हे पाहिले पाहिजे. लेख लिहिणारा प्राध्यापक प्रकाशकाकडून मोबदला घेत नाही. लेख तपासणारे तज्ज्ञ बहुतेक विनामूल्य तपासतात. दोघांचे पगार बहुधा सार्वजनिक पैशातून झालेले असतात. नंतर तोच लेख सार्वजनिक पैशाने परत विकत घेतला जातो. एका नियतकालिकाची जागा दुसरे घेऊ शकत नसल्यामुळे विक्रेता मागेल ती किंमत द्यावी लागते. मक्तेदारीचे इतके शुद्ध उदाहरण पाठ्यपुस्तकातही शोधून सापडणार नाही. या धंद्यातील अग्रगण्य कंपनीच्या नफ्याचे प्रमाण विक्रीच्या तीस टक्क्यांहून अधिक असते.

आणि या तेरा हजारांत नाशिकच्या त्या विद्यार्थिनीच्या उपयोगाचे काय आहे? परदेशी विद्वानांनी महाराष्ट्रातील जातिप्रश्नावर लिहिलेले काही उत्तम लेख अवश्य आहेत. पण ते लेख ज्या मराठी साधनांवर उभे आहेत ती साधने त्यात नाहीत. मराठी नियतकालिकांच्या सूचीकरणाला, जुन्या अंकांच्या जतनाला आणि ते काम करणाऱ्या माणसांच्या पगाराला या सहा हजार कोटींत जागा नाही. त्यातही मेख अशी की, योजना शासकीय व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेली आहे आणि महाराष्ट्रातील महाविद्यालये बहुतांशी खाजगी शिक्षणसंस्थांनी चालविलेली आहेत. नाशिकमधील १९१४ ची मराठा विद्या प्रसारक समाज किंवा १९१८ ची गोखले एज्युकेशन सोसायटी ही त्याचीच उदाहरणे. बहुजनांच्या मुलांना शिकविण्याचे काम ज्या संस्थांनी केले त्यांच्या विद्यार्थ्यांना सरकारी व्याख्येच्या दाराबाहेर उभे करणे, हे धोरण कोणाच्या हिताचे आहे?

मोठ्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाजवळील एका झेरॉक्सच्या दुकानावर २०१२ साली खटला भरला होता, हे येथे आठवावे. अभ्यासक्रमातील निरनिराळ्या पुस्तकांची पाने एकत्र करून विद्यार्थ्यांना देणे हा त्या दुकानाचा गुन्हा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली शिक्षणासाठी कायद्याने दिलेली मोकळीक मान्य केली आणि पुढील वर्षी प्रकाशकांनी खटला मागे घेतला. तो निकाल किती ग्रंथपालांच्या टेबलावर आहे? नियम ठाऊक नसलेला आणि नोकरीची शाश्वती नसलेला माणूस वाचकाला पान देण्यापेक्षा नाही म्हणणे सुरक्षित समजतो. धाडसाने ‘घ्या’ म्हणण्यासाठी कायदा माहीत असावा लागतो आणि पाठीशी कायमची नेमणूक असावी लागते.

उलट ज्या कामासाठी ग्रंथपालाची आज तातडीने आठवण होते ते काम पोलिसाचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याचे टक्के ठरवून दिले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते, त्यापुढे चाळीस, साठ अशा शिक्षेच्या पायऱ्या आहेत. प्रबंध यंत्रात घालावयाचा आणि निघालेला आकडा प्रमाणपत्रावर लिहावयाचा. चोरी थांबलीच पाहिजे यात वाद नाही. परंतु बहुतेक वेळा विद्यार्थी उतरवून काढतो तो साधने कोठे आहेत हे त्याला कोणी दाखविले नाही म्हणून. पहिल्या महिन्यात ज्याने वाट दाखवावयाची त्याला शेवटच्या महिन्यात फक्त टक्के मोजावयास बसविणे, हा उफराटा न्याय झाला.

नाशिकला या प्रश्नाची एक वेगळी बाजू आहे. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या परिसरात आहे आणि त्याचे लाखो विद्यार्थी राज्यभर विखुरलेले आहेत. नोकरी करून, शेती सांभाळून, मुलेबाळे वाढवून शिकणारी ही माणसे. त्यांच्या हाती छापील अभ्यासपुस्तिका पडते; अभ्यासकेंद्र बहुधा दुसऱ्याच महाविद्यालयात असते आणि तेथील ग्रंथालय त्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे. पदवीपुरते पुस्तिकेवर निभावते. जिज्ञासा पुस्तिकेच्या बाहेर गेली की निभावत नाही. हेच विद्यापीठ ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक्रम चालविते, म्हणजे ग्रंथपाल तयार करते. मग त्या शिकलेल्या ग्रंथपालांना जिल्ह्याजिल्ह्यातील एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात विद्यापीठाच्या वतीने बसविता येणार नाही काय? नाशिक शहरातच १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे. तेथे पोथ्या आहेत, जुनी मराठी पुस्तके आहेत. अशी शतायुषी वाचनालये रत्नागिरी, अहिल्यानगर, पुणे येथेही आहेत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अनुदान मिळणारी ग्रंथालये राज्यात हजारोंनी आहेत. विद्यापीठाचे ग्रंथालय एका खात्याचे, सार्वजनिक ग्रंथालय दुसऱ्या कायद्याचे, पुराभिलेख तिसऱ्याच संचालनालयाचा. वाचक मात्र एकच. या तिघांची एकत्र सूची करणे हे काही अंतराळात यान पाठविण्याइतके अवघड नव्हे, आणि त्याला सहा हजार कोटीही लागत नाहीत.

समाजवादी कार्यकर्त्यांना हा विषय विद्वानांचा, आपला नव्हे, असे वाटण्याचा संभव आहे. त्यांनी आपल्याच इतिहासाकडे पाहावे. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना १९३२-३३ मध्ये नाशिक रोडच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एसेम, नानासाहेब गोरे यांच्या चर्चांतून आकाराला आली. काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय मार्च १९४८ मध्ये झाला तोही नाशिकच्याच अधिवेशनात. आज या दोन घटनांवर कोणाला लिहावयाचे असेल तर त्याला दिल्लीचे तिकीट काढावे लागते; जयप्रकाशांची कागदपत्रे तीनमूर्तीच्या संग्रहालयात आहेत. ती तेथे सुरक्षित राहिली याबद्दल तेथील ग्रंथपालांचे ऋणच मानले पाहिजे. परंतु अधिवेशनासाठी नाशिकमध्ये ज्यांनी मांडव घातले, ज्यांच्या घरी प्रतिनिधी उतरले, ज्यांनी पत्रके छापली, त्या माणसांचे कागद दिल्लीला गेले नाहीत. ते कोणाच्या तरी माळ्यावर होते आणि घर पाडून नवी इमारत झाली तेव्हा रद्दीत गेले असतील.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून मुंबईकडे शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण येथील आदिवासी शेतकरी वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालत गेले. त्यांनी वाटलेली पत्रके, वाटेत म्हटलेली गाणी, गावोगावच्या सभांची हाताने लिहिलेली फलके, वनहक्काच्या दाव्यांच्या फेटाळलेल्या अर्जांच्या प्रती या गोष्टी कोणत्याही आंतरराष्ट्रीय नियतकालिकाच्या वर्गणीत येत नाहीत. त्या गोळा करावयाच्या तर ग्रंथपालाला टेबल सोडून मोर्च्यात जावे लागेल, आणि कार्यकर्त्याला पिशवीतील कागद ग्रंथालयात नेऊन द्यावे लागतील. देताना एक काळजी घ्यावी. पत्रकांवर वार आणि तारीख असते, साल बहुधा नसते; छापणाऱ्याला ते लिहिण्याची गरज वाटत नाही. ते साल, गावाचे नाव आणि पत्रक कोणाकडून मिळाले ते मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहून द्यावे. शाईने लिहू नये, ती कागदातून पुढे फुटते.